बावड्याची वाकळ

कोल्हापुरात सीपीआरच्या, म्हणजे सरकारी छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाच्या, समोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. जुनी माणसं सीपीआरला अजून थोरला दवाखानाच म्हणतात. जिल्हाभरातून येणाऱ्या पेशंटचे नातेवाईक आधार, रेशन कार्ड, पासबुक घेऊन पळत येतात, कॉप्या काढतात आणि पळत जातात. या गडबडीत काउंटरवर काय काय राहतं विचारू नका. छत्र्या, चष्मे, जेवणाचे डबे. एकदा तर कवळी राहिली होती. सगळ्यात जास्त राहतं ते काचेखालचं ओरिजिनल आधार. त्यासाठी मी बिस्किटांचा पत्र्याचा डबा ठेवलाय. कागद अडला की माणूस दुसऱ्या दिवशी आपणहून येतो.

आषाढात एक पिशवी राहिली. दुकान बंद करताना दिसली. दोन दिवस मीही हलवली नाही, येतील म्हटलं. तिसऱ्या दिवशी उघडली तर आत तान्ह्या बाळाची वाकळ. दोन हात लांब, दीड हात रुंद. दुधाचा वास येत होता.

घरी नेली. बायको म्हणाली, आधी धुऊन टाकते. आईने तिचा हात धरला. "दुसऱ्याच्या बाळाचा वास हाय त्यात, धू नकोस." मग पंख्याखाली वाळवली. पावसाळ्यात कापडाला बुरा धरायला वेळ लागत नाही, पण तान्ह्याची वस्तू म्हणून डांबरगोळ्या घालायच्या नाहीत असं ठरलं. आईने कडुलिंबाचा पाला घातला.

त्या रात्री वाकळ नीट बघितली. वर इरकली लुगड्याचा तुकडा, त्याचा काठ एका बाजूने सलग फिरवलेला. मध्ये कुणाच्या तरी परकराची फुलं, शाळेच्या खाकी चड्डीचं कापड, धोतराचा पांढरा पट्टा. धावदोरा कडेने सुरू होऊन चौकोनात चौकोन करत आत आत गेलेला, आणि शेवट बरोबर मधल्या ठिगळापाशी. आईला दिसायला आता कमी आलंय, ती बोटांनीच बघते. त्या ठिगळावर अंगठा फिरवता फिरवता थांबली. "हितं काय तरी हाय. भोकाचा पैसा हाय बघ." मीही चाचपलं. कापडाखाली चपटी गोल चकती, मधोमध खड्डा. १९४३ ते ४७ या काळात निघालेला तो ब्राँझचा पैसा मी आजोबांच्या चंचीत बघितला होता.

इथवर सगळं बरोबर झालं. दुसऱ्या दिवशी मात्र मी घाण केली. वाकळेचा अख्खा फोटो काढला, नंबर घातला आणि पाच-सहा ग्रुपवर टाकला. संध्याकाळपर्यंत तो फोटो कुठल्या कुठे गेला. सांगलीतून फोन, नागपुरातून फोन. एका बाईंनी दीड हजाराला विकत मागितली, वर "शंभर वर्षांपूर्वीची आहे का?" असंही विचारलं. इचलकरंजीच्या एक ताई म्हणाल्या, आमचीच आहे. मी विचारलं, मधल्या ठिगळाखाली काय आहे? त्या म्हणाल्या, "फूल." फूल वर होतं, फोटोत सगळ्यांना दिसत होतं. खोटं बोलत होत्या असंही वाटलं नाही. त्यांचीही एखादी हरवली असेल. नशीब एवढंच, की पैसा फोटोत येत नाही. वस्तू सापडली तर एक खूण स्वतःपाशी ठेवायची असते, हे मला फोटो टाकून झाल्यावर सुचलं.

चौकीतही जाऊन आलो. हवालदारांनी नाव-नंबर लिहून घेतला आणि म्हणाले, कोरड्या जागी ठेवा. माझा एक वकील मित्र आहे, त्याला असल्या गोष्टीत फार रस. त्याने करार कायदाच काढला, १८७२ चा. कलम ७१: सापडलेली वस्तू ताब्यात घेतली की ती कुणी सांभाळायला दिल्यासारखी जबाबदारी येते. शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेतो तेवढी काळजी घ्यायची. धावपळ झाली म्हणून मालकावर दावा लावता येत नाही. बक्षीस जाहीर झालं असेल तरच ते मागता येतं. "म्हणजे तुला काही मिळणार नाही," असं सांगून तो माझा चहा पिऊन गेला.

मग मोबाईल काढून बसलो. हल्ली निम्मे लोक कागद व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात, प्रिंट घेतात. त्या दिवशीचे एकतीस नंबर निघाले. एकेकाला फोन. लोकांना वाटायचं, पैसे राहिलेत म्हणून फोन केलाय. एकाने तर दहा रुपये गुगल पे करून टाकले. वाकळ कुणाचीच नव्हती. निम्मे ओरिजिनल घेऊन येतात, त्यांचा नंबर माझ्याकडे असायचं कारणच नाही.

शेवटी शेजारच्या चहाच्या गाड्यावरच्या मामांना आठवलं. "बाळंतीण न्यायला आल्ती की माणसं. म्हातारी हुती संगं. बावड्याची हाय म्हणाली." बावडा म्हटल्यावर कोल्हापूरकराच्या डोळ्यासमोर शहरातला कसबा बावडाच येतो. दुकान लवकर बंद करून दोन संध्याकाळी मी बावडा पालथा घातला. दुसऱ्या दिवशी एका गल्लीत वाकळा शिवून देणाऱ्या मावशी भेटल्या. ओट्यावर दोघीतिघी बसून शिवत होत्या, पायाशी चिंध्यांचं गाठोडं.

मावशींनी वाकळ मांडीवर घेतली, वरच्या रंगांकडे बघितलंसुद्धा नाही. चिमटीत धरून आतले थर चोळले. "ह्यात घोंगडं हाय. आमी घोंगडं घालत न्हाई, जड हुतंय, वाळत न्हाई. ही पावसाकडची वाकळ हाय." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अवो, बावड्याचीच हाय. पन गगनबावड्याची!"

मी कपाळावर हात मारला. घरापासून चार किलोमीटरवर शोधत होतो ती माणसं पंचावन्न किलोमीटरवर होती.

रंकाळा स्टँडवर जाऊन गगनबावड्याच्या गाडीच्या कंडक्टरना सगळं सांगितलं. फोटो दाखवला नाही, चिठ्ठीवर माझा नंबर लिहून दिला. त्यांनी अक्कल सांगितली: "गावोगाव विचारत बसू नका. आशाताईंना सांगतो. कुणाकडं बाळंतीण आली, त्यांच्या वहीत असतंय." त्या आशाताईंचं मला कौतुक वाटतं. त्यांना दोन दिवसांत घर सापडलं, पण त्यांनी त्या लोकांचा नंबर मला दिला नाही. माझाच त्यांना दिला.

फोन म्हातारीचाच आला. पाऊस पत्र्यावर वाजत होता, त्याच्यावरून त्या ओरडत होत्या.

"वाकळ तुमच्याकडं हाय व्हय?"

"हाय आज्जी. पर एक सांगा, मधल्या ठिगळात काय हाय?"

पलीकडे गप्प. मग एकदम आवाज चढला. "तुमी उसवलासा काय?"

"न्हाई ओ आज्जी, हात बी लावला न्हाई."

"मग ईचारतायसा कशाला?"

आता हिला काय सांगायचं! इचलकरंजीच्या ताईंपासून सगळं सांगितलं. तेव्हा कुठे म्हणाल्या, "भोकाचा पैसा हाय. माझ्या सासूनं माझ्या थोरल्याच्या वाकळंत घातलेला. ती फाटली, काढला, धाकट्याच्यात घातला. आता नातवाच्या पोराला."

नेऊन द्यायचं ठरवलं तर पाऊस आडवा आला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली आणि मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी आलं, गगनबावड्याच्या गाड्या बंद. हा बंधारा कसबा बावड्यातच आहे. त्या बावड्यात पडलेला पाऊस कुंभी नदीतून वाहत प्रयाग चिखलीला येतो, तिथून पंचगंगा होऊन या बावड्याच्या बंधाऱ्यावर. पाणी बिनचूक येतं, मीच चुकलो होतो. कंडक्टर म्हणाले होते, रस्ता सुरू झाला की पिशवी द्या, पोचवतो. माझा धीर झाला नाही. एकदा राहिलेली पिशवी परत कुठे राहिली तर?

मधल्या दिवसांत घरी एक वादही झाला. वाकळेच्या कोपऱ्याला दोरा निघाला होता, आईने मी नसताना सुई घेऊन तिथे चार टाके घातले. माझ्या डोक्यात कलम ७१. म्हटलं, दुसऱ्याची वस्तू आहे, हात कशाला लावलास? आई म्हणाली, "उसवत गेली असती ती." त्यावर मला उत्तर सुचलं नाही.

पाणी उतरल्यावर आज्जी स्वतःच आल्या, नातवाबरोबर, पहिल्या गाडीने. मी त्यांना घरी घेऊन गेलो. नातवाच्या हातात नाचणीची पिशवी होती, ती त्याने दाराशीच आईच्या हातात दिली. आज्जी पाणीही न पिता वाकळ घेऊन बसल्या. पहिल्यांदा अंगठा मधल्या ठिगळावर. पैसा सापडल्यावर मान हलली. मग काठ धरून एकेक बाजू बोटांतून सरकवत गेल्या, अगदी माझ्या आईसारख्या. कडुलिंबाची वाळलेली पानं खाली पडली, ती बाजूला सारली. चौथ्या कोपऱ्याला हात थांबला.

"ह्यो टाका माझा न्हवं."

मी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "माझा हाय. दोरा सुटला हुता."

आज्जींनी कोपरा डोळ्यांजवळ नेला, उलटा केला, नखाने टाका ओढून बघितला.

"बारीक हाय," म्हणाल्या. "राहू दे." आणि वाकळेची घडी घालून मांडीवर ठेवली. मग पाणी मागितलं.