मूल सहकार्य करत नाही

"खेळायचे पैसे?" सासूबाईंनी विचारलं होतं. पाऊण तासाचे सातशे, आठवड्यातून दोनदा. त्यांचंही काय चुकलं, पहिल्या दिवशी मलाही तेच वाटलं. प्ले थेरपीच्या ताई वीस मिनिटं अक्षर बोलल्या नाहीत. माझा ऑटिझम असलेला मुलगा चिकू बाटल्यांची झाकणं ओळीत लावत होता, त्या शेजारी मांडी घालून आपली वेगळी ओळ लावत बसल्या. मग त्यांनी एक निळं झाकण मुठीत धरलं. चिकू थांबला. त्यांचं एकेक बोट उलगडलं, झाकण काढून घेतलं आणि जाताजाता वर त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. घरी काही हवं असलं की तो माझं मनगट धरून तिकडे ओढत न्यायचा, पण तोंडाकडे बघायचा नाही. साडेचार वर्षांत.

थेरपी सुरू झाली, ते सोपं होतं. पैशांचं बघायला गेलो आणि गाडी रुतली. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची 'निरामय' योजना आहे, वर्षाला १ लाखापर्यंत आरोग्य विमा, थेरपीचा खर्चही ठरावीक मर्यादेत मिळतो. त्याला दिव्यांग दाखला लागतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, म्हणजे हक्काचा दाखला, असं म्हणत मी फाइल घेऊन सरकारी रुग्णालयात गेले.

तिथे दाखल्यासाठी तपासणारं डॉक्टरांचं बोर्ड फक्त बुधवारी. पहिल्या बुधवारी मानसोपचारतज्ज्ञ रजेवर. दुसऱ्या बुधवारी म्हणे आधी आयक्यू करून आणा. तिसऱ्या बुधवारी साडेतीन तास बाकड्यावर. ट्यूबलाइट फडफडतेय, खिडकीतला माणूस नंबर ओरडतोय, चिकू बाकड्याखाली कानावर हात ठेवून. आमचा नंबर आला तेव्हा त्याने पेन्सिल भिरकावली. केसपेपरवर शेरा: 'मूल सहकार्य करत नाही. पुन्हा आणावे.' अहो, सहकार्य करत असता तर मी इथे कशाला आले असते? रिक्षात मी तो कागद चुरगळला, मग मांडीवर ठेवून सरळ केला, कारण पुढच्या वेळी तो लागणार होता. (लागलाच. तिथला एकही कागद फेकू नका.)

त्या आठवड्यात मी वाचून काढलं. ऑटिझमसाठी 'इसा' नावाची भारतीय मोजपट्टी आहे. ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण, बेरीज ७० किंवा वर गेली की ऑटिझम. ती भरायची मुलाचं निरीक्षण करून आणि आईवडिलांशी बोलून. त्यात मुलाने पेपर सोडवायचा नसतो! चौथ्या बुधवारी मी झाकणांची पिशवी नेली. खोलीत शिरल्याबरोबर फरशीवर बसले आणि म्हणाले, "मॅडम, तो खुर्चीत बसणार नाही. खाली बघा." त्या दिवशीच्या मॅडम तरुण होत्या. चप्पल काढून खाली आल्या. अर्ध्या तासात काम झालं. याचा मला अजूनही राग आहे. आधीच्या तीन बुधवारांत हे कुणालाच का सुचलं नाही?

हो, आधी सांगायला हवं होतं: ऑनलाइन यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा, अर्ज घरूनच भरून जा आणि मुलाच्या आधारवरचं नाव जन्मदाखल्याशी अक्षर न् अक्षर जुळवून बघा. आमच्यात एक 'एच' जास्त होता. घरच्या खेळाचे व्हिडिओ फोनमध्ये ठेवा, मॅडमनी दोन बघितले. डबा न्या. आणि नवऱ्याला सुट्टी घ्यायला लावा. एकाने रांगेत, एकाने मुलाबरोबर जिन्याखाली, तिथे आवाज कमी असतो.

दाखला आला, निरामयचा अर्जही गेला. दाखल्याला मुदत आहे. संपली की पुन्हा तीच खिडकी. सासूबाई आता कोपऱ्यावरच्या रसवंतीवाल्याकडून झाकणं मागून आणतात, निळी असतील तर जास्त.