आजीचे टाळ आणि वडाळ्याची वाट

२०२५ची आषाढी एकादशी ६ जुलैला, रविवारी आली. पहाटे पाचच्या सुमारास लालबागच्या आमच्या चाळीच्या चौकात दिंडी उभी राहिली, तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता, पागोळ्या गळत होत्या आणि जिन्याखाली पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावण्याचे काम चालले होते. ती कणीक दरवर्षी आजी भिजवून देत असे. यंदा आईने दिली. माझ्या हातात आजीचे टाळ होते.

आजी गेल्या मार्गशीर्षात गेली, ब्याण्णव वर्षांची होऊन. सारी चाळ तिला आक्का म्हणे. पाटण तालुक्यातल्या एका डोंगरी गावातून १९५० साली लग्न होऊन ती लालबागला आली आणि त्यानंतर करोनाची दोन वर्षे सोडली, तर वडाळ्याच्या विठ्ठलाची आषाढीची वाट तिने कधी चुकवली नाही. पंढरपूर मात्र तिने जन्मात पाहिले नाही. आळंदीहून पायी जायचे म्हणजे सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट आणि जवळजवळ तीन आठवडे. गिरणीतल्या बदली कामगाराने तेवढे दिवस दांडी मारली, तर त्याच्या जागी दुसरा उभा राही, आणि आजीने तेवढे दिवस चूल सोडली असती तर तिच्या खानावळीत जेवणाऱ्या वीस-बावीस माणसांचे काय, हा प्रश्न होताच. वडाळ्याच्या देवळाला प्रतिपंढरपूर म्हणतात. गिरणगावातल्या कष्टकऱ्याला हे पंढरपूर एका दिवसात गाठता येई आणि दुसऱ्या दिवशी पाळीलाही जाता येई.

त्या टाळांविषयी थोडे सांगायला हवे. पितळ झिजून कडा इतक्या पातळ झाल्या आहेत की बोट जपून ठेवावे लागते. दोन्ही टाळांना जोडणारी दोरी बाजारातली नाही. आमच्याकडे जेवायला असलेल्या एका साचेवाल्याने, म्हणजे माग चालवणाऱ्या कामगाराने, गिरणीतल्या सुताचे पदर एकमेकांत पिळून ती आजीला वळून दिली होती. मूळची पांढरी दोरी हळद, तेल आणि घामाने आता चिंचेच्या रंगाची झाली आहे, पण तिचा पीळ सुटलेला नाही. आजी गाठीपाशी अंगठा रोवून टाळ धरायची, म्हणून तिथे दोरी चपटी झाली आहे. माझा अंगठा त्या खळग्यात नीट बसत नव्हता, आणि पहिला अर्धा तास ताल चुकत राहिला.

भारतमाता सिनेमा मागे पडला. उड्डाणपुलाखाली दिंडी शिरली की टाळांचा आवाज वरच्या सिमेंटवर आपटून दुप्पट होतो. पूर्वी या रस्त्यावर धुराडी दिसत आणि भोंग्यावर घड्याळ लावता येई, असे आजी दरवर्षी याच ठिकाणी सांगायची.

तिची खानावळ म्हणजे आमचीच दहा बाय बाराची खोली. आजोबा कापडखात्यात होते आणि त्यांच्या एका पगारात भागत नव्हते, म्हणून गावाकडच्या चार गड्यांपासून तिने सुरुवात केली. पहिली पाळी सातची, म्हणून ती चारला उठे. भुशाची शेगडी, पुढे रॉकेलचा स्टोव्ह. भाकरी, आमटी, सुकट, आणि पगाराच्या रविवारी मटण. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा जेवणाऱ्यांपैकी निम्म्या गड्यांची घरे त्याच पट्ट्यात होती. आजीने सगळ्या मजल्यांवर फिरून चादरी आणि घोंगड्या गोळा केल्या, त्यांचे गठ्ठे बांधले आणि गावी निघालेल्या गड्यांच्या डोक्यावर दिले. १९७२च्या दुष्काळात रेशनवर तांबडा मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, आला, तेव्हा त्याची भाकरी न तुटता कशी थापायची हे तिने चाळीतल्या बायकांना शिकवले. लाटण्याने थाळी वाजवत निघणाऱ्या बायकांच्या महागाईविरोधी लाटणे मोर्चात ती गेली, तेव्हा लाटणे घरचे आणि थाळी शेजारणीची होती.

१९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि खानावळ चालवणाऱ्या बायकांना बँकेचे कर्ज मिळू लागले. तोवर वाणी आणि सावकार हेच काय ते आधार होते. आजीला अक्षरओळख नव्हती. आपल्या नावाची अक्षरे गिरवायला ती माझ्या वडिलांकडून शिकली, बँकेत जाऊन सही केली, आणि त्यानंतर आसपासच्या चाळींतल्या अकरा जणींना हाताला धरून त्याच दारातून आत नेले. तिच्या आयुष्यातल्या साऱ्या गोष्टींत मला ही सही सर्वांत मोठी वाटते.

१८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. महिना-दोन महिन्यांत मिटेल असे सगळे म्हणत होते. जेवण उधारीवर चालू राहिले आणि हिशेब वहीत चढत गेला. पुढे एकेक जण गावी परतला, आणि बरेच जण परत आलेच नाहीत. ती वही अजून आमच्या फळीवर आहे. वडिलांच्या शाळकरी अक्षरात लिहिलेली नावे आणि त्यांच्यापुढे आजीने ओढलेल्या उभ्या रेघा, एका जेवणाला एक. काही पानांवर रेघा मोजता येत नाहीत इतक्या दाट आहेत.

अनेक वर्षांनी त्यांच्यातला एक जण पैसे घेऊन आला. मी तेव्हा सहावीत होते. माझी अपेक्षा होती की आजी पैसे नाकारील. तिने ते घेतले, दोनदा मोजले, वही काढायला लावली आणि त्याच्या नावावर त्याच्याच हाताने काट मारून घेतली. तो गेल्यावर मी तिला विचारले, तर म्हणाली, "एवढ्या लांबनं देणं फेडायला आलाय. त्याला मोकळं करायला नको व्हय?" जे आले नाहीत, त्यांची नावे तिच्या तोंडून मी कधी ऐकली नाहीत.

हिंदमाताला घोटाभर पाणी होते आणि पताका उंच धरून दिंडी त्यातून पार झाली. एक गोष्ट माझ्या ध्यानात येत होती. वीणेकऱ्यांच्या मागे डाव्या बाजूला एक माणूस मावेल एवढी जागा सुटलेली होती. कुणी ठरवून ती सोडली नव्हती. रांग दाटली तरी पावले आपोआप तिच्या कडेने वळत होती. ती आजीची जागा. खोदादाद सर्कलला दिंडी घटकाभर थांबली, तेव्हा वीणेकरी बाबांनी मागे पाहून मला बोलावले आणि म्हणाले, "पोरी, आक्कांचे टाळ मागून ऐकायची आम्हाला सवय नाही. पुढे ये."

मी पुढे गेले. पाच उद्यानांच्या झाडीखालून चालताना आजीच्या एका वागण्याचा उलगडा मला झाला. घरी ती अखंड बोलायची, पण या वाटेवर कुणाशी बोलत नसे. लहानपणी मी तिच्या पदराला ओढून काही विचारले, तर ती नुसती मान हलवायची आणि मला राग यायचा. आषाढीला सगळ्यांचा उपास असे. राजगिऱ्याचे आणि शेंगदाण्याचे लाडू ती आदल्या रात्रीच करून ठेवी आणि खानावळीची चूल दिवसभर थंड असे. आजारपणात, बाळंतपणातसुद्धा न मिळालेली ही उसंत होती. इतरांसाठी ती काय करायची हेच आम्ही सगळे सांगत आलो, आणि तेराव्यालाही तेच बोललो. हा एक दिवस तिने स्वतःसाठी राखला होता, आणि मी तिच्या पदराला लोंबकळत होते.

कात्रक रोडवर रांग लांबच लांब होती. गर्दीमुळे आम्ही मुखदर्शन घेतले. तुळशीचा हार विकणाऱ्या बाईने माझ्या हातातले टाळ पाहिले आणि विचारले, "म्हातारी नाही आली?" मी सांगितले. तिने हार दिला आणि पैसे घेतले नाहीत. मी निघणार होते, पण आजीची आठवण होऊन थांबले, आणि म्हणाले, "घ्या मावशी, तिला देणं ठेवलेलं चालायचं नाही." तिने पैसे घेतले.

बारशीला पहाटे चार वाजता जाग आली, तेव्हा आई ओट्यापाशी उभी होती आणि परातीत पीठ होते. दिंडीतली सोळा माणसे पारण्याला यायची होती. "पाट काढ," आई म्हणाली, "आणि वरची तिची मोठी कढई दे." वहीशेजारच्या खिळ्याला मी टाळ अडकवले आणि कढई खाली उतरवली.