ऑक्सिमीटरवरचा दुसरा आकडा

२०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा माझी मुलगी आठवीत होती, आणि खरं सांगते, पहिले दोन महिने मला बरंच वाटत होतं. सगळं जग डालगोना कॉफी आणि केकच्या मागे लागलेलं, आणि आमची पोरगी यूट्यूब लावून व्यायाम करतेय, साखर सोडलीय, स्वयंपाकात मदत करतेय. व्हिडिओ कॉलवर मावशी म्हणाली, किती छान बारीक झालीस गं, आणि मीही कौतुकाने हसले. ते हसणं मला अजून टोचतं.

मे महिन्यातल्या पुण्याच्या उकाड्यात ती स्वेटर घालून बसायची, पंखा लावू द्यायची नाही. कंगव्यात केसांचे पुंजके. पाळी तीन महिने आली नाही म्हणून एका डॉक्टरांना फोन केला तर म्हणाल्या पीसीओडी असेल, म्हणजे पाळी लांबवणारा अंडाशयाचा त्रास, व्यायाम वाढवा. फोनवर पोरगी दिसत नाही ना. हिने ते ऐकलं आणि व्यायाम दुप्पट केला. गणपतीत २१ मोदक तिनेच वळले, एकेक कळी सुबक, सगळ्यांना आग्रह करून वाढले, स्वतः एकही खाल्ला नाही.

सप्टेंबरमध्ये आमच्या विंगमध्ये कोरोनाचे पेशंट निघाले, म्हणून ऑक्सिमीटर आणून आम्ही सगळे ओळीने बोट घालून बसलो. तिचा ऑक्सिजन ९८. मी हुश्श केलं, आणि मग खालचा आकडा बघितला, पल्स ४४, हृदयाचे ठोके मिनिटाला फक्त ४४. वाटलं मशीन बिघडलं, सेल बदलले, तिचं बर्फासारखं बोट चोळून गरम केलं, परत ४४.

दुसऱ्या दिवशी अ‍ॅडमिट. आरटीपीसीआरचा रिपोर्ट आल्याशिवाय बेड नाही, सोबत एकच माणूस, नवरा खाली पार्किंगमध्ये. डॉक्टरांनी समजावलं की शरीर उपाशी राहिलं की हृदय जपून जपून चालायला लागतं, आणि एकदम भरपूर खायला घातलं तर रक्तातलं फॉस्फरस घसरतं, तेही जीवावर बेतू शकतं, म्हणून खाणं हळूहळू वाढवायचं आणि रोज रक्त तपासायचं. आजाराचं नाव अ‍ॅनोरेक्सिया, जाड होण्याच्या भीतीने खाणं तोडत जाण्याचा मानसिक आजार. वजनाचे आकडे मी मुद्दाम लिहीत नाही, अशा मुलींच्या डोक्यात दुसऱ्याचा आकडा घर करून बसतो. नंतर वाचलं की ऑस्ट्रेलियात पर्थच्या मुलांच्या हॉस्पिटलात त्या वर्षी अ‍ॅनोरेक्सियाची मुलं आधीच्या ३ वर्षांच्या सरासरीच्या दुप्पट आली. तोवर मला वाटत होतं हे जगात फक्त आमच्याच घरात घडलंय.

९ दिवसांनी घरी आलो आणि खरी लढाई तिथून सुरू झाली. उपचार म्हणजे फॅमिली बेस्ड ट्रीटमेंट, लंडनच्या मॉडस्ली हॉस्पिटलात सुरू झालेली पद्धत, सेशन्स सगळी व्हिडिओवर. ताट आईवडिलांनी वाढायचं, किती आणि काय यावर चर्चा नाही, ताट संपेपर्यंत शेजारी बसायचं, जेवण झाल्यावर तासभर एकटं सोडायचं नाही. ३ जेवणं आणि ३ वेळा मधलं खाणं, रोज. ऐकायला सोपं वाटतं. पहिल्याच आठवड्यात तूप लावलेली एक पोळी सव्वादोन तास चालली. ती पोळीचे मोहरीएवढे तुकडे करत होती, तूप बोटाने निपटून फ्रॉकला पुसत होती, आणि मग ताट ढकलून ओरडली, तू मला जाडी करायला निघालीयेस, तू माझी आईच नाहीस. डॉक्टर म्हणाले होते की हे आजार बोलतो, पोरगी नाही. मी तेच मनात घोकत दुसरी पोळी वाढली. हात थरथरत होते माझे.

एक गोष्ट डॉक्टरांनी सुचवली नसती तर मला कधीच कळली नसती. ऑनलाइन क्लासमध्ये दिवसभर ती सरांकडे नाही, कोपऱ्यातल्या स्वतःच्या चौकटीकडे बघायची, गाल बघायची. सेल्फ व्ह्यू बंद केला, शाळेने कॅमेरा बंद ठेवायलाही परवानगी दिली. वजन आठवड्यातून एकदा, काट्याकडे पाठ करून, आकडा फक्त डॉक्टरांना. किचनमधला केकसाठी म्हणून आणलेला वजनकाटा मी भंगारात दिला.

लॉकडाऊननेच हा आजार वाढवला, मैत्रिणी नाहीत, खेळ नाही, डब्यातलं कोण खातंय बघायला कोणी नाही. पण नवरा आणि मी दोघं घरी होतो म्हणूनच सहा वेळा तिच्याशेजारी बसता आलं, ऑफिस चालू असतं तर जमलं नसतं, हेही तितकंच खरं. सासूबाई तर रोज जेवणानंतर तिच्याशी पत्ते खेळायच्या, तो तास निघावा म्हणून.

२०२१ च्या एप्रिलमध्ये पाळी आली. बाहेर दुसरी लाट, अ‍ॅम्ब्युलन्सचे आवाज, आणि मी बाथरूममध्ये नळ सोडून रडत होते. ४ ऑक्टोबरला शाळा उघडली तेव्हा ती दहावीत होती. डबा मी भरला, पोळी-भाजी आणि गुळाची वडी. दुपारी फाटकाशी उभी होते, ती आली, डबा हातात दिला आणि मैत्रिणींशी बोलत पुढे गेली. मी तिथेच झाकण उघडलं. वडीचा अर्धा तुकडा उरला होता, बाकी सगळं संपलं होतं. संध्याकाळच्या खाण्याला तो अर्धा तुकडा मी ताटलीत ठेवला, तिने खाल्ला.