नखं बघणारे डॉक्टर

आज नव्या त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले होते. कोपरांवरचे, गुडघ्यांवरचे सोरायसिसचे चट्टे त्यांनी बघितलेच, पण नंतर माझी नखं एकेक करून निरखली. टाचणीनं टोचल्यासारखे बारीक खड्डे आहेत त्यांवर. मग विचारलं, "सकाळी उठल्यावर बोटं आखडतात का?" इतकी वर्षं हे कुणी विचारलंच नव्हतं! सोरायसिस सांध्यांतही उतरू शकतो, आणि उपचार लांबले तर सांधे कायमचे खराब होऊ शकतात. ज्यांना सोरायसिस आहे त्यांनी सांधेदुखी अंगावर काढू नका, प्लीज.

निरोगी त्वचेची पेशी तयार होऊन गळायला साधारण महिना लागतो. आमच्याकडे तेच काम आठवड्याच्या आत उरकतं, म्हणून ते पांढरे पापुद्रे. प्रतिकारशक्तीचा बिघाड आहे हा, अस्वच्छतेचा नाही. शिवल्यानं तो कुणालाही होत नाही. हे मी शंभरदा सांगेन.

मला आता मलम आणि नॅरोबँड यूव्हीबी फोटोथेरपी (त्वचेवर ठरावीक अतिनील किरण सोडून केलेला उपचार) सुरू होतेय. बाहेर नंबर यायची वाट बघताना शेजारी एक ताई अर्ध्या बाह्यांत बसल्या होत्या, हातभर चट्टे, आणि चेहऱ्यावर अजिबात संकोच नाही. किती बरं वाटलं म्हणून सांगू! खाज, उडालेली झोप, लोकांच्या नजरा, सगळं बोललो. फोटोथेरपीला दोघी एकाच वेळी जायचं ठरवलंय.