गाय, बदक आणि ‘फार’

फ्रेंच शिकताना ‘त्रे’ म्हणजे ‘फार’ आणि ‘त्रो’ म्हणजे ‘नको तितके जास्त’, हा भेद मी पुण्यात इतका घोकला होता, की फ्रान्समधल्या बोर्दोला राहायला आल्यावर शेजारच्या मुलीची जड पिशवी तिसऱ्या मजल्यावर नेऊन दिली आणि ती ‘ते त्रो जाँती’ म्हणाली, तेव्हा आपण आगाऊपणा केला की काय, या शंकेने मी ओशाळलो. तिला ‘किती चांगला आहेस रे’ एवढेच म्हणायचे होते.

‘त्रे’ला बोलण्यात आता फारशी धार उरलेली नाही. तो लॅटिनमधल्या ‘पलीकडे, आरपार’ अशा अर्थाच्या ‘ट्रान्स’पासून आला, म्हणजे एके काळी त्यातही जोर असणारच, पण वापरून वापरून तो गुळगुळीत झाला आणि जोर शोधायला लोकांना थेट गोठ्यात जावे लागले. ‘व्हाश’ म्हणजे गाय आणि ‘व्हाशमाँ’ म्हणजे ‘भलतेच’. (यात गोमातेचा गौरव मुळीच नाही. दुष्ट, कठोर माणसालाही ‘व्हाश’ म्हणतात आणि ‘व्हाशमाँ’चा आधीचा अर्थ ‘कठोरपणे’ असाच होता.) ‘भयंकर आवडले’ असे बिनदिक्कत म्हणणाऱ्या आपल्याला याचे नवल वाटायला नको. मला हा शब्द इतका भावला, की तो मी ऑफिसात मोठ्या ऐटीत वापरला, तेव्हा पंचविशीतली सहकारी हसून म्हणाली, ‘माझी आई असेच बोलते.’ तिच्या पिढीला ‘त्रो’ चालतो, ‘गंभीर’ या अर्थाचा ‘ग्राव्ह’ चालतो, नाहीतर वाक्याच्या शेपटाला ‘द ऊफ’ जोडलेले चालते. ‘फू’ म्हणजे वेडा, आणि तो उलटा केला की ‘ऊफ’.

बोर्दोचा स्वतःचा शब्द मात्र ‘गाव्हे’. बाहेरून काळपट, कुरकुरीत आणि आतून मऊ, रम आणि व्हॅनिलाच्या वासाचा कानेले नावाचा छोटा केक तोंडात असतानाच इथली पोरे ‘गाव्हे बों’, म्हणजे ‘फारच छान’, म्हणतात. शब्दशः पाहिले तर ‘गाव्हे’ म्हणजे गळ्यापर्यंत कोंबलेला. याच नैऋत्य भागात फ्वा ग्रासाठी, म्हणजे फुगवलेल्या यकृताच्या पदार्थासाठी, बदकांना नळीने मका भरवतात, त्या क्रियेचा हा शब्द. ती नळी डोळ्यांपुढे आली, की माझा घास जरा अडतो. दक्षिणेकडच्या मार्सेय शहरात हेच काम ‘तारपँ’ करतो, आणि ‘लई’ ऐकल्यावर आपण जसे माणसाचे गाव ताडतो, तसे तिथेही ताडतात.

खरी पंचाईत निराळीच आहे. ‘ज तॅम’ म्हटले की प्रेमाची कबुली झाली. त्यात भर घालावी म्हणून पुढे ‘चांगले’ अशा अर्थाचा ‘ब्याँ’ किंवा ‘पुष्कळ’ अशा अर्थाचा ‘बोकू’ जोडला, तर प्रेम वाढण्याऐवजी उतरते आणि नुसती आपुलकी उरते. उलट ‘पा माल’ म्हणजे ‘वाईट नाही’ हे शब्द जुन्या वळणाच्या माणसाकडून आले, तर ती चक्क शाबासकी असू शकते.

दिवाळीत मी आमच्या सत्तरीच्या घरमालकीणबाईंना चकल्या नेऊन दिल्या, तेव्हा मला हे ठाऊक नव्हते. त्यांनी एक चकली तोडली, सावकाश चावली, खिडकीबाहेर पाहिले आणि ‘पा माल’ म्हणाल्या. माझा चेहरा पडला. मी डबा उचलायला हात पुढे केला, तर त्यांनी तो अलगद आपल्याकडे ओढून घेतला.