चालत्या हृदयाला जरा दम खाऊ देणं

मी कार्डिॲक ॲनेस्थेशियात आहे. आपल्याकडे बरेच बायपास ऑफ-पंप होतात, म्हणजे हार्ट-लंग मशीन बाजूला तयार असतं पण जोडत नाहीत, हृदय चालू असतानाच टाके घालायचे. सर्जन ऑक्टोपस नावाचं पकडून ठेवणारं उपकरण लावून तेवढा तुकडा स्थिर धरतात, बाकीचं हृदय मात्र उड्या मारत असतं आणि ते आमच्याकडे.

परवाचे काका साठीचे, ६० किलोचे, एलएडी, म्हणजे हृदयाच्या पुढच्या भागाची मुख्य रक्तवाहिनी, जवळजवळ बंद. छाती उघडली आणि रेट १०८, ईसीजीवरचा एसटी भाग खाली जायला लागला, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडत होतं. झोप पुरेशी आहे ना बघितलं, वेदना थांबवणारं फेंटानिल वाढवलं, फ्लुइड दिलं, हिमोग्लोबिन ठीक होतं, तरी रेट हलेना. फाईलमध्ये सिस्टरची नोंद सापडली, काकांनी "उपाशी राहायचंय" म्हणून रेट आटोक्यात ठेवणारी मेटोप्रोलॉलची गोळी घेतलीच नव्हती! ही गोळी अचानक बंद केली की रेट असाच उसळतो.

आता डाव्या बाजूच्या स्नायूला रक्त मिळतं ते मुख्यतः हृदय सैल पडतं तेव्हा, आणि रेट वाढला की नेमका तोच वेळ कमी होतो. म्हणजे काम जास्त, खायला कमी, त्यात सर्जन एलएडी उघडणार.

"सर, दोन मिनिटं थांबा," म्हटलं आणि एस्मोलॉल, म्हणजे रेट कमी करणारं पण लवकर उतरणारं औषध, ३० मिलिग्रॅम हळू दिलं, मग बारीक इन्फ्युजन. रेट ७२ वर आला, एसटी वर सरकला, सरांनी शंट (टाके घालताना रक्त चालू ठेवणारी बारीक नळी) टाकून लीमा, म्हणजे छातीच्या आतली रक्तवाहिनी, निवांत जोडली. मला एस्मोलॉल आवडतं ते याचसाठी, लाल पेशींमधलं एन्झाइमच त्याला मोडतं, हाफ-लाइफ साधारण ९ मिनिटं, म्हणजे तेवढ्यात निम्मं उतरतं. पुढे मागच्या बाजूच्या ग्राफ्टला हृदय उचलायचं होतं, त्यात प्रेशर पडतंच, म्हणून इन्फ्युजन आधीच बंद केलं. तरी प्रेशर ७० ला गेलं, टेबल डोक्याकडून खाली केलं, प्रेशर वाढवणारं थोडं नॉरॲड्रेनलिन, आणि सावरलं. लांब टिकणारं औषध तेव्हा अंगात असतं तर बहुतेक पंपवर जावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी प्रेशर बघून मेटोप्रोलॉल कमी डोसने परत सुरू केलं, ऑपरेशननंतर एएफ, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडणं, होण्याची शक्यताही त्याने कमी होते. काकू म्हणाल्या, "डॉक्टर, उपाशी म्हणजे गोळीपण नाही असंच वाटलं आम्हाला." दुपारी पुढच्या पेशंटच्या चिठ्ठीवर मी मोठ्या अक्षरात लिहिलं, ही गोळी सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायचीच, आणि त्यांच्या मुलाकडून ते मोठ्याने वाचून घेतलं.