मासे खातात, तरी वाळतात: गप्पींच्या टाकीतला माझा अनुभव

गप्पी आणि मॉली खाण्यावर तुटून पडत होते, तरी पोटं खपाटीला गेलेली. वरून पाहिलं की डोकं मोठं आणि त्यामागचं अंग एकदम निमुळतं दिसायचं. दीड महिन्यात पाच मासे गेले, तेही एकेक करून. अंगावर डाग नाही, पांढरे ठिपके नाहीत, पर सडलेले नाहीत.

अशा वेळी पहिला प्रश्न एकच: मासा खरंच गिळतोय का? लांबून सगळेच खाताना दिसतात. मी प्रत्येक माशासमोर दोन-दोन दाणे टाकून पाहिलं. तोंडात घेऊन थुंकणारा मासा वेगळा, इतरांच्या धाकाने कोपऱ्यात राहणारा वेगळा आणि गिळूनही वाळणारा वेगळा. पहिल्या दोघांसाठी तोंड, पाणी, दादागिरी तपासावी. माझे मासे तिसऱ्या प्रकारातले होते. अन्न पोटात जात होतं, अंगी लागत नव्हतं.

तरी पाणी तपासलंच. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट २० पीपीएम, सामू ७.६, तापमान २७ अंश. यात वाळण्याचं कारण नव्हतं. टाकी २४×१२×१५ इंचांची. मापाने ७० लिटर येतात, पण खाली खडी आणि वर मोकळी जागा असल्यामुळे बादलीने मोजून भरलं तेव्हा ६० लिटरच बसलं. हा आकडा आधीच पक्का करून ठेवावा, औषधाची मात्रा त्यावरच ठरते.

पुढे पांढरी, दोऱ्यासारखी विष्ठा दिसली आणि इथे माझी चूक झाली. आतड्यातले सूक्ष्म परजीवी समजून मेट्रोनिडाझोल दिलं. ४०० मिग्रॅची एक गोळी ६० लिटरला, म्हणजे लिटरला साधारण ६.७ मिग्रॅ. रोज एकदा, तीन दिवस. मात्रा बरोबर होती, रोग वेगळा होता. पांढरी विष्ठा म्हणजे आतड्यातला चिकट स्राव. रिकाम्या पोटीही ती तशीच पडते आणि जंत असले तरीही. तिच्यावरून रोगाचं नाव ठरवता येत नाही.

खरा उलगडा सूक्ष्मदर्शकाखाली झाला. सर्वात बारीक झालेली मादी १० लिटरच्या, तळाला काहीही नसलेल्या टाकीत ठेवली, जुन्या टाकीतला स्पंज फिल्टर लावून. ताजी विष्ठा ड्रॉपरने उचलली, काचपट्टीवर टाकीच्याच पाण्याचा थेंब घालून कव्हरस्लिप ठेवली. नळाचं पाणी वापरू नये, क्लोरीनने जिवंत परजीवी मरतात. आधी १०० पट, मग ४०० पट. स्पायरोन्युक्लियस (आतड्यातला एकपेशीय परजीवी) असता तर सुसाट धावणारे असंख्य बारीक जीव दिसले असते. पण नमुना शिळा झाला की ते मरतात आणि मेलेले ओळखू येत नाहीत, म्हणून हे काम काही मिनिटांत उरकावं लागतं. कॅपिलारिया (आतड्यातला केसासारखा बारीक कृमी) असता तर दोन्ही टोकांना बूच बसवल्यासारखी पिंपाच्या आकाराची अंडी दिसली असती. इथे दोन्हींपैकी काहीच नव्हतं. वळवळणाऱ्या, आक्रसून पुन्हा लांब होणाऱ्या अळ्या मात्र होत्या.

मग रात्री दिवे बंद करून टॉर्च घेतली आणि मासे स्थिर असताना गुदद्वाराकडे पाहिलं. दोन मॉलींना लालसर तपकिरी धाग्यांची टोकं बाहेर आलेली होती. मासा हलला की ती आत जातात, म्हणूनच इतके दिवस नजरेतून निसटली. हा कॅमॅलॅनस जातीचा गोलकृमी. तो आतड्याच्या भिंतीला धरून रक्त पितो, म्हणून लाल. त्याची मादी थेट जिवंत अळ्या सोडते. त्या सायक्लॉप्समधूनही (पाण्यातला बारीक कवचधारी जीव) पसरतात आणि माशांकडून माशांकडेही.

तरी क्षयाची शंका फेडणं भाग होतं, कारण माशांच्या क्षयातही मासे असेच एकेक करून वाळतात, कणा वाकतो, आणि त्यावर खात्रीचं औषध नाही. शेवटच्या घटका मोजणारा एक मॉली लवंगेच्या तेलाने शांत केला. अर्धा मिली तेल कोमट पाण्यात बाटलीत जोरात हलवून एक लिटर पाण्यात ओतलं, आणि कल्ले थांबल्यावरही मासा दहा मिनिटं तसाच ठेवला. चिरफाड लगेच केली. लगेच जमणार नसेल तर मासा फ्रिजमध्ये ठेवावा. बर्फ करू नये, पेशी फुटतात. आतड्याच्या शेवटी लाल कृमी होते. यकृत, प्लीहा, मूत्रपिंड यांवर पांढऱ्या गाठी नव्हत्या. गाठी असत्या तर त्या चिरडून आम्लस्थिर जिवाणूंसाठी (आम्लाने धुतलं तरी रंग न सोडणारे, क्षयाचे जिवाणू असेच असतात) रंगवून पाहाव्या लागल्या असत्या. हे काम हातमोजे घालूनच करावं. माशांच्या क्षयाचे जिवाणू हातावरच्या जखमेतून माणसालाही लागतात. सायफनची नळी तोंडाने ओढण्याची सवयही त्याच कारणाने सोडावी.

कृमींवरचं औषध लेव्हामिसॉल, लिटरला २ मिग्रॅ. ६० लिटरला १२० मिग्रॅ लागतं. १५० मिग्रॅची गोळी कुटून १५० मिली पाण्यात विरघळवली, त्यातलं १२० मिली टाकीत ओतलं. घरात असते ती जंतांवरची अल्बेंडाझोलची गोळी पाण्यात टाकून उपयोग नाही, ती पाण्यात जवळपास विरघळतच नाही. आधी फिल्टरमधला कार्बन काढला, हवेचा दगड जोरात सोडला, दिवे बंद करून टाकीवर जाड कापड टाकलं, कारण हे औषध उजेडात निकामी होतं. २४ तासांनी खडी सायफनने खोलवर साफ केली आणि ७० टक्के पाणी बदललं. ही सफाई टाळली तर सगळं वाया जातं: लेव्हामिसॉल कृमींना लुळं करतं, मारेलच असं नाही, आणि तळाला पडलेले कृमी मासे पुन्हा खातात. तीन आठवड्यांनी हीच मात्रा परत दिली, मधल्या काळात वाढलेल्या अळ्यांसाठी.

वजन भरतंय का हे डोळ्यांनी कळत नाही. मी आठवड्यातून एकदा, आलेखाच्या कागदावर ठेवलेल्या उथळ पारदर्शक डब्यात मासा घेऊन वरून फोटो काढतो आणि पाठीची रुंदी मोजतो.

दुसऱ्या मात्रेनंतर दहाव्या दिवशी विष्ठेत अळी सापडली नाही. बाकीच्यांच्या पाठी भरत आहेत. ती पहिली मादी मात्र अजून बारीक आहे आणि तिचा कणा किंचित वाकू लागलाय. तिची टाकी, जाळी आणि नळी वेगळी ठेवली आहे.